स्पार्क प्लग घरी बदलायचे म्हणून साडेसात हजारांची हत्यारं घ्यावीत का?

नाशिकच्या एका वाचकाने विचारलं आहे: "माझी 2018 ची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी 80,000 किलोमीटर झाली आहे. वर्षाला साधारण 10,000 होतात. सर्व्हिस सेंटरने प्लग बदलण्याचे 1,230 रुपये सांगितले. त्यापेक्षा 5,200 चा टूलकिट आणि 2,300 चा टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळायचा पाना) 'नो कॉस्ट ईएमआय'वर घेऊन हे काम घरीच शिकावं, असं वाटतं. आजवर पाना हातात धरलेला नाही. फायदा होईल का?"

आधी एस्टिमेट नीट बघा. चार प्लगचे 640 आणि मजुरी 500 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 590. प्लग तर तुम्हालाही विकतच घ्यावे लागणार. वाचणार फक्त 590.

तुमच्या गाडीला साधे निकेलचे प्लग आहेत आणि मॅन्युअलमध्ये ते 40,000 किलोमीटरला बदलायला सांगितलेत, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे चार वर्षांतून एकदा. 7,500 रुपये वसूल व्हायला हे काम तेरा वेळा करावं लागेल, म्हणजे पहिली खेप आज धरली तरी अठ्ठेचाळीस वर्षं! तुमच्या आरसीची पंधरा वर्षं 2033 मध्ये भरतात. नूतनीकरण करून गाडी पुढे चालवलीत तरी आणखी दोनदाच प्लग बदलाल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

ईएमआय तर नकोच. 'नो कॉस्ट' म्हटलं तरी बँक व्याज लावतेच; विक्रेता तेवढी सूट देतो, इतकंच. व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र तुमच्याच खिशातून जाते.

तरीही माझं उत्तर सरळ 'नाही' असं नाही. शिकायची हौस असेल तर आजच्या आणि पुढच्या दोन खेपांची मजुरी मिळून 1,770 होते. हत्यारांचं बजेट त्याच्या बरंच खाली ठेवा. एक रॅचेट (पुढे-मागे फिरवायची मूठ), एक लांब एक्स्टेन्शन (जोडदांडा) आणि आत रबर किंवा चुंबक असलेला प्लग सॉकेट (प्लगवर टोपीसारखा बसणारा पाना), एवढं पुरतं. बहुतेक गाड्यांना 16 मिमीचा लागतो, काहींना 14 चा; मॅन्युअल बघून घ्या. प्लगच्या डोक्यावर बसून त्याला वीज देणाऱ्या कॉइलच्या बोल्टसाठी बहुधा 10 चा सॉकेट लागतो, तोच पुढे बॅटरीच्या टर्मिनललाही चालतो. हजाराच्या आसपास, रोखीने. टॉर्क रेंच ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणा. प्लग मात्र अधिकृत पार्ट्सच्या दुकानातून बिलासकट घ्या, नकली माल बाजारात भरपूर आहे.

आता जोखमीचं बोलू, कारण पैसे खरे तिथेच जातात. इंजिनचं हेड, म्हणजे प्लग ज्यात बसतात तो वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं. गरम इंजिनवर प्लग खोललात किंवा नवा तिरका घुसवलात तर आटे जातात, आणि हेड उतरवायची वेळ आली तर बिल पाच आकडी होऊ शकतं. म्हणून गाडी रात्रभर थंड होऊ द्या. एका वेळी एकच कॉइल काढा. तिच्या वायरीची प्लॅस्टिकची क्लिप आठ वर्षांत कडक झालेली असते, ओढू नका, दाबून सोडवा. प्लग काढण्याआधी तो बसतो त्या खळग्यातली धूळ हवेने उडवा. नवा प्लग बसवताना रॅचेट बाजूला ठेवा आणि नुसतं एक्स्टेन्शन बोटांनी फिरवा. पहिले चार-पाच वेढे लोण्यासारखे गेले पाहिजेत. पहिल्याच वेढ्याला अडलं तर जोर लावू नका, उलटं फिरवून पुन्हा बसवा. शेवटचं आवळणं मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच.

मायलेज वाढेल ही आशा हिशोबात धरू नका. 16 चं ॲव्हरेज आणि 104 रुपये लिटर धरलं तर तुम्ही वर्षाला 65,000 चं पेट्रोल जाळता. जुने प्लग मिसफायर करत असतील, म्हणजे ठिणगी चुकवत असतील, तरच त्यात फरक पडेल. टायरमधली हवा वेळेवर तपासणं त्याहून स्वस्त.

गाडीवर वाढीव वॉरंटी अजून चालू असेल तर हात लावण्याआधी तिच्या अटी वाचा. आणि काढलेल्या प्लगचं टोक बघा: फिकट तपकिरी असेल तर ठीक. खळग्यात किंवा प्लगवर तेल दिसलं तर नवे प्लग बसवून गप्प बसू नका, सील गेलेलं असू शकतं. ते काम फिटरचंच. टूलकिटच्या पैशांतले चार हजार त्यासाठी बाजूला राहू द्या.