चित्र काढता येत नाही, तरी अ‍ॅनिमेशनमध्ये जाऊ का?

देवगडहून टी.वाय.बी.कॉम.च्या एका मुलीचं पत्र आलंय. अ‍ॅनिमेशनमध्ये जायचंय, चित्रकला अजिबात येत नाही, प्रॉडक्शन साइडला वेगळं काम असतं असं ऐकलंय, आणि बाबा म्हणतायत कार्टून कसली करतेस, बँकेच्या परीक्षा दे.

अगं, पत्रात तू एक ओळ सहज लिहून गेलीस, मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. एप्रिल-मेमध्ये बागेची डायरी तू सांभाळतेस. कुठल्या कलमांचा आंबा कधी उतरवला, आढी कधी लावली, पेटी किती डझनाची, कुठल्या गाडीने वाशीला गेली, विक्रीच्या हिशोबाची पट्टी आली की नाही. प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर दिवसभर हेच करतो गं, फक्त पेटीच्या जागी शॉट असतो, म्हणजे फिल्मचा एक सलग तुकडा.

हिशोब करून बघ, 22 मिनिटांचा एपिसोड आणि शॉट सरासरी 4 सेकंदांचा धरला तर 330 शॉट झाले, आणि प्रत्येक शॉट लेआउट (कॅमेरा आणि मांडणी ठरवणं), अ‍ॅनिमेशन, लायटिंग, कंपोझिटिंग (सगळे थर एकत्र जुळवणं) असा पुढे सरकतो, दर ठिकाणी माणूस वेगळा. मग कुठला शॉट कुणाकडे अडकलाय, काल डेलीजमध्ये, म्हणजे झालेलं काम रोज बघायच्या बैठकीत, डायरेक्टरने काय करेक्शन सांगितलं, ते आर्टिस्टपर्यंत पोचलं का, तो आजारी पडला तर त्याचं काम कुणाला द्यायचं, हे सगळं शॉटग्रिडसारख्या (आता त्याचं नाव फ्लो प्रॉडक्शन ट्रॅकिंग) शॉटचा हिशोब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नाहीतर साध्या एक्सेलमध्ये रोजच्या रोज अपडेट ठेवायचं. आणि आढीचं तर तुला सांगायला नको, एक डागी फळ आत राहिलं की बाजूची चार जातात. तसंच कॅरेक्टरच्या रिगमधली, म्हणजे त्याला हलवणाऱ्या आतल्या सांगाड्यातली गडबड वेळेत पकडली नाही तर झालेले वीस शॉट परत करावे लागतात, तेव्हा आर्टिस्टही वैतागतो आणि तारीख काही पुढे जात नाही, आणि आर्टिस्टशी आणि डायरेक्टरशी, दोघांशी बोलायचं असतं तुलाच. त्यामुळे चित्र नाही आलं तरी चालेल, पण चित्र काढणाऱ्याला एका पोजला इतका वेळ का लागतो हे कळलंच पाहिजे, नाहीतर तुझं शेड्युल नुसतं कागदावर राहील.

बाबांची काळजी मात्र खोटी नाही, ती उडवून लावू नकोस. आपल्याकडचं बरंचसं काम बाहेरून येतं, तिकडे शिंक आली की इकडे सर्दी. 2025 च्या फेब्रुवारीत टेक्निकलर हा व्हिज्युअल इफेक्ट्स आणि अॅनिमेशनचा मोठा ग्रुप बंद पडला तेव्हा बंगळुरू-मुंबईच्या लोकांच्या नोकऱ्या एका झटक्यात गेल्या. शिवाय सुरुवातीला पगार कमी, मुंबईत राहण्याचा खर्च, आणि क्लायंट अमेरिकेतला असेल तर त्यांची सकाळ म्हणजे आपली रात्र.

कोर्सचं म्हणशील तर आत्ता पैसे भरू नकोस, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने अ‍ॅनिमेशनच्या कोर्सला घरचे काही लाख घातले, दोन वर्षं सॉफ्टवेअर शिकला आणि मग कळलं की त्याला करायचं होतं प्रॉडक्शनच, त्यासाठी त्यातलं निम्मंही लागलं नसतं.

त्यापेक्षा असं कर. ब्लेंडर फुकट आहे, चित्र येणारे दोघं-तिघं कॉलेजातून गाठ आणि 30 सेकंदांची फिल्म पूर्ण करून घे. तू चित्राला हात लावायचा नाही, फक्त शॉटची शीट, तारखा आणि पाठपुरावा. तारीख चुकली तर का चुकली ते शीटमध्येच लिही, मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत प्रॉडक्शन असिस्टंटसाठी अर्ज करशील तेव्हा ती शीट जोड. आणि जमलं तर एकदा कुडाळजवळ पिंगुळीला जाऊन ये, तिथे चित्रकथीच्या पोथ्या आहेत, एकेक चित्र पुढे धरून गोष्ट सांगतात. स्टोरीबोर्ड म्हणजे काय ते तिथे बघून जेवढं कळेल तेवढं व्हिडिओ बघून नाही कळणार.

या मे महिन्यात गाड्यांची गडबड संपली की बाबांना शेजारी बसव, एका बाजूला तुझी पेट्यांची डायरी आणि एका बाजूला शॉटची शीट ठेव, आणि एक वर्ष मागून घे. बँकेचा फॉर्म भरायचा तर भर, त्यासाठी वयाची घाई नाहीये अजून.