साल कुठल्या अशोकाची?

आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी मला विचारतंच, "पाळीचा त्रास आहे, झाडपाल्याचं काही घेतलं तर चालेल ना?" कधी शतावरीची पावडर असते, कधी जास्वंदीच्या कळ्या दुधात वाटून, आणि बहुतेक वेळा अशोकाची साल. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. तरी प्रश्न माझ्याकडेच येतो, कारण माझ्या खोलीत तपासणीचं टेबल नसतं.

सिंधुदुर्गातल्या एका ताईची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. वय 44, काजूच्या कारखान्यात बिया फोडायचं काम. काजूच्या चिकाने बोटांची टोकं काळी पडलेली. श्रावण नुकता लागला होता. तिने पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि टेबलावर उघडली. आत सालीचे तुकडे, अजून ओलसर.

"ही साल किती उकळूक व्हयी?"

कशासाठी, म्हटलं. तर म्हणाली, चवथीच्या आधी अंगावरचं जाणं थांबायला हवं. गेल्या वर्षी गणपती घरात असताना ती पाच दिवस पडवीतच बसून होती, मोदक जावेने केले. यंदा तसं नको. शेजारणीने अशोक सुचवला होता.

पुडीत सालीला चिकटून एक पान आलं होतं. लांबट, कडेला लाटांसारखं दुमडलेलं, एकटं. आमच्या इमारतीच्या कुंपणालगत तसल्या पानांची उंच, सरळसोट झाडं रांगेने उभी आहेत. लोक त्यांना अशोकच म्हणतात, पण तो आसुपालव. औषधातला अशोक म्हणजे सीतेचा अशोक. त्याच्या एका देठावर पर्णिकांच्या चार-सहा जोड्या असतात, कोवळी पालवी तांबूस आणि खाली लोंबणारी, आणि फुलांचे केशरी-लाल गुच्छ. हे झाड सह्याद्रीतल्या ओलसर रानात आणि काही देवळांच्या आवारात दिसतं, पण आता कमी झालंय, कारण सालीसाठी ते सोलून सोलून मारलं गेलंय. बाजारातल्या अशोकाच्या सालीतही आसुपालवाची भेसळ सर्रास होते. तिने शाळेच्या फाटकाजवळच्या झाडाची साल काढली होती, नवऱ्याच्या कोयतीने.

आणि इथे माझं चुकलं. मी तिला सीतेचा अशोक, आसुपालव, भेसळ असं सगळं पंधरा मिनिटं ऐकवलं. अशोकारिष्ट या तयार मिळणाऱ्या काढ्यात गुळामुळे साखर असते आणि आंबवल्यामुळे थोडं मद्यही तयार होतं, हेसुद्धा सांगून टाकलं. सगळं खरंच होतं. ती मान हलवत राहिली, मग पुडी बांधली आणि गेली. पुढच्या मंगळवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी विचारायला हवं होतं ते विचारलंच नव्हतं: नेमकं किती जातं?

चवथीनंतर आशाताई तिला घेऊन आली. आरतीला उभी असताना चक्कर येऊन ती समईवरच पडणार होती. बोटं काळी, नखं पांढरी.

या वेळी मी फक्त विचारत गेले. पाळी कधी येते? दोन-दोन महिने येतच नाही, मग आली की दहा-बारा दिवस थांबत नाही. कपडा किती वेळा बदलते? कारखान्यात जेवणाच्या सुट्टीतच बदलता येतो, म्हणून ती चार घड्या एकावर एक घेते. रात्री? रात्री उठावंच लागतं. गाठी पडतात? पडतात. केवढ्या, हे तिला सांगता येईना. मग मी काजूच्याच मापाने विचारलं, सोललेल्या गराएवढ्या की सालासकट बीएवढ्या?

"बीयेएवढ्यो."

म्हणजे इंचभर. गाठी एवढ्या मोठ्या, कपडा तासा-दोन तासाला भिजणं, सात दिवसांच्या पुढे जाणं, यातलं एकही असलं तरी तपासणी लांबवायची नसते. तिच्याकडे तिन्ही होतं.

"मग डॉक्टरांकडे का गेली नाहीस इतके दिवस?"

ती बराच वेळ बोटांच्या टोकांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गेलंय काय ते पिशवीच काढूक सांगतले. माझ्या भयणीची काढल्यानी. मगे ती पयल्यासारखी रवली नाय."

सालीच्या पुडीच्या आत हे होतं. बहिणीची गर्भपिशवी छत्तिसाव्या वर्षी एका खासगी दवाखान्यात काढली होती, आणि पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही. कशासाठी, हे घरात कोणालाच धड सांगता येत नव्हतं. त्यानंतर अंगातून वाफा, झोप नाही, हाडं दुखणं. लोक म्हणतात "पिशवी काढली म्हणून". खरं तर अंडाशयं गेली की पाळी जाण्याचं वय एका दिवसात अंगावर कोसळतं. नुसती पिशवी काढणं वेगळं. हा फरक ताईला आजवर कोणी सांगितला नव्हता. आपल्याकडे किती बायकांना कोणी सांगतं, कोण जाणे.

मग मी तिला तिच्या वयात काय होतं ते सांगितलं. चाळिशीनंतर काही महिने बीज बाहेर पडतच नाही. बीज बाहेर पडलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. इस्ट्रोजेन मात्र चालूच असतं, आणि त्याने पिशवीचं आतलं अस्तर वाढत राहतं, पावसाळाभर गडग्यावर शेवाळ चढत जावं तसं. मग कधीतरी त्याचे पापुद्रे सुटायला लागतात आणि थांबत नाहीत. म्हणून आधी दोन महिने काहीच नाही आणि मग बारा दिवस. पण याच वयात गाठ, थायरॉइडचा बिघाड आणि क्वचित कर्करोगाची सुरुवातही अशीच दिसते, म्हणून अंदाजावर सोडता येत नाही. "सोनोग्राफी करणं म्हणजे पिशवी काढायला हो म्हणणं नव्हे," हे मी तिला तीनदा तरी सांगितलं असेल.

हिमोग्लोबिन निघालं 7.2. बाईचं 12 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. सोनोग्राफीत एक लहान गाठ आणि जाड अस्तर दिसलं. अस्तराचा तुकडा तपासायला गेला, तेव्हा ते आठ दिवस तिच्यापेक्षा आशाताईलाच झोप नव्हती. त्यात वाईट काही निघालं नाही. शिरेतून लोह दिलं, रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या पाळीच्या दिवसांपुरत्या आणि प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या महिन्यातले ठरावीक दिवस. पुढे लागलंच तर हार्मोन सोडणारी तांबी बसवता येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पिशवी काढणं हा त्यांच्या यादीत शेवटचा पर्याय होता. काही बायकांना तो खरंच लागतो, आणि तो घेतला म्हणून कोणी अपराधी वाटून घेऊ नये, हेही इथे सांगायला हवं.

आणि अशोक? तिची त्यावरची श्रद्धा मला मोडायची नव्हती. आयुर्वेदात अशोकाची साल रक्तप्रदरावर, म्हणजे अंगावरून जास्त रक्त जाण्यावर, शतकानुशतकं वापरात आहे. आधुनिक पद्धतीने झालेला अभ्यास मात्र थोडा आणि छोट्या प्रमाणावरचा आहे. मी तिला तालुक्याच्या वैद्यांकडे पाठवलं, सगळे रिपोर्ट हातात देऊन. त्यांनी आधी गोळ्यांची पाकिटं बघितली, मग काढा दिला, आणि तो दिल्याचं डॉक्टरीणबाईंच्या कागदावर लिहून ठेवायला सांगितलं. मला यातलं हेच सगळ्यांत आवडलं. बायका बहुधा काढा डॉक्टरांपासून लपवतात आणि गोळ्या वैद्यांपासून. थायरॉइडची गोळी आणि लोहाचं भस्म असलेलं औषध सकाळी एकदमच घेणारी एक बाई मला माहीत आहे. लोह किंवा कॅल्शियम बरोबर पोटात गेलं की थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, मध्ये चार तासांचं अंतर लागतं. तिचा टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, वर्षभर का उतरत नव्हता, ते कोणालाच कळत नव्हतं.

शतावरीबद्दल विचारणाऱ्या बहुतेक आया असतात, मुलगी पंधरा-सोळाची. त्यांना एवढंच सांगते की पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती 21 ते 45 दिवसांत कधीही येऊ शकते. तिला "हार्मोनचा बिघाड" म्हणून पावडरी सुरू करायची घाई नको. तीन महिने आलीच नाही, हनुवटीवर राठ केस यायला लागले किंवा वजन भराभर चढलं, तर मात्र आधी डॉक्टर. शतावरीचं नंतर बघू. ज्या बाईला दिवस राहिलेत किंवा राहण्याची शक्यता आहे, तिने तर काढा-पावडर कोणाच्या सांगण्यावरून घेऊच नये.

तीन महिन्यांनी ताईचं हिमोग्लोबिन 11.1 झालं. पाळी सहा दिवसांवर आली. ती म्हणते काढ्याने, आशाताई म्हणते गोळ्यांनी. मी त्या वादात पडले नाही. कारखान्यातल्या आणखी दोघी तिने मागच्या महिन्यात माझ्याकडे आणल्या. बाहेर बाकावर बसून ती त्यांना गराएवढी की बीएवढी, हे आधीच विचारून घेत होती.

शाळेच्या फाटकाजवळचं ते झाड अजून उभं आहे. साल काढलेल्या जागेवर तिने शेण-माती लिंपली होती, मुख्याध्यापकांच्या नकळत. एसटी तिथून वळते तेव्हा माझी नजर त्याच्याकडे जातेच. शेण केव्हाच धुऊन गेलंय, कडेने नवी साल धरायला लागलीय.