घोडा पिशवीला का बुजतो?

तुम्ही विचारलंय की माथेरानला वाऱ्यावर उडालेली पिशवी पाहून तुमचा घोडा एकदम आडवा उडाला, तो आजारी होता का आणि त्याच्या मज्जासंस्थेत त्या वेळी काय झालं?

मी घोड्यांवर उपचार करतो. आजारी नव्हता हो, त्याची मज्जासंस्था अगदी चोख काम करत होती!

डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे घोड्याला मान न वळवता जवळजवळ 350 अंश दिसतं. कडेला बारकावे दिसत नाहीत, हालचाल मात्र लगेच टिपली जाते. काहीतरी हललं एवढं मेंदूला कळलं की पळायचा हुकूम सुटतो. ती पिशवी आहे हे मागाहून कळतं. गवताळ माळावर लांडग्यांपासून जीव वाचवत आलेल्या जनावराला आधी खात्री करून घेणं परवडणारं नव्हतं. त्याच क्षणी अॅड्रेनालिन, म्हणजे अंगाला पळायला तयार करणारं संप्रेरक, सुटतं. विश्रांतीत मिनिटाला 30-40 पडणारे ठोके भरधाव पळताना 200 च्या वर जातात. प्लीहा, म्हणजे रक्त साठवणारा पोटातला अवयव, आकसते आणि तिथे साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात येतात. माणसात ही सोय नावापुरती. घोड्यात इतकी मोठी की रक्त अक्षरशः दाट होतं.

मज्जासंस्थेचं आणखी एक काम बघा. माशी बसली की तेवढीच कातडी थरथरते, ते पाहिलंत? कातडीखाली स्नायूचा पातळ पडदा असतो. पाठीवरच्या माशीचा निरोप मज्जारज्जूतून पुढे मानेच्या बुडाशी जातो आणि तिथून निघणारा मज्जातंतू तो पडदा हलवतो. मेंदूला विचारावंच लागत नाही. पडलेल्या घोड्याला तपासताना मी मागून पुढे चिमटे घेत येतो. जिथून कातडी हलू लागते, त्याच्या आसपास कण्याला मार बसलेला असतो. एका शिंगराची कातडी खांद्याच्या थोडं मागेपर्यंत निश्चल होती, म्हणजे मार कण्याला तिथे, बराच पुढे बसला होता. त्याचा मालक माझ्याकडे पाहत होता आणि मला बोलवेना.

एक कळकळीनं सांगतो, बुजलेल्या घोड्याला चाबूक मारू नका, मारू देऊ नका. पिशवी दिसली की मार बसतो एवढंच त्याच्या मेंदूत पक्कं होतं आणि पुढच्या वेळी तो जास्त बुजतो. लगाम जरा सैल सोडा, हळू आवाजात बोला, त्याला ती पिशवी दोन्ही डोळ्यांनी बघू द्या. खाली उतरलात तर मागून जाऊ नका, शेपटीमागचं त्याला दिसत नाही. खांद्याच्या बाजूनं जा आणि मानेवर हात ठेवा.