कोयनेचा भूकंप: आजोबांच्या वहीतला 7 की आजचा 6.3?

प्रश्न: माझे आजोबा पोफळीच्या वीजगृहात कामाला होते. त्यांच्या वहीत 11 डिसेंबर 1967 च्या पानावर ‘भूकंप, 7 रिश्टर’ असं लिहिलंय. माझ्या मुलीला नेटवर 6.3 मिळालं. खरा आकडा कोणता? आणि धरणातल्या पाण्याच्या वजनाने भूकंप झाला, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. ते बरोबर आहे का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: त्या पहाटे मी सात वर्षांचा होतो, पाटण तालुक्यातल्या आमच्या घरी आजीच्या कुशीत. चार वाजून एकवीस मिनिटं ही वेळ नंतर कळली. तेव्हा कळलं ते एवढंच, की माजघरातली उतरंड कोसळली आणि नाचणीचं पीठ माझ्या तोंडावर उडालं. वडिलांनी मला गोधडीसकट उचलून खळ्यात नेलं. मागची दगडमातीची भिंत गोठ्याच्या अंगाला पडली होती आणि बैल दावं तोडून बाहेर आले होते. पुढे जन्मभर भूविज्ञान शिकवलं, ते या पहाटेमुळेच.

आजोबांनी त्या वेळी मिळालेला आकडा लिहिला. तेव्हा वेधशाळा आपापल्या यंत्रांवरच्या रेघा मोजत. कुणी जमिनीच्या पोटातून येणाऱ्या लाटा धरी, कुणी पृष्ठभागावरून पसरणाऱ्या. त्यामुळे सहापासून सातपर्यंत आकडे छापले गेले. 1979 मध्ये नवी मोजपट्टी रूढ झाली. तिच्यात खडक किती लांबी-खोलीत फाटला, किती सरकला आणि किती कणखर होता, याचा हिशेब असतो. आज बहुतेक अभ्यासक 6.3 धरतात. 7 आणि 6.3 यांत फरक किरकोळ दिसतो, पण ऊर्जेत तो अकरा पटींचा आहे. आकडा उतरला म्हणून ती रात्र लहान होत नाही. भूकंप उथळ होता, आमच्या पायाखालीच होता, आणि पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली ती बहुतांश अशाच भिंतींखाली.

आता कारण. पाण्याचं वजन हे अर्धंच उत्तर आहे, आणि दुय्यम अर्धं. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात 1962 पासून पाणी साठू लागलं आणि हादरेही तेव्हापासूनच जाणवू लागले. पण खाली कित्येक किलोमीटरवरच्या खडकात आधीपासून साठलेल्या ताणापुढे त्या पाण्याचं वजन चिमूटभर आहे. खरं काम करतं ते भेगांतून खाली झिरपणारं पाणी. दोन खडक एकमेकांवर घट्ट दाबलेले असतात. फटीतल्या पाण्याचा दाब वाढला की गाडीखाली जॅक लावावा तसा तो त्यांना किंचित विलग करतो, पकड सुटते आणि खडक सरकतो. ताण भूगर्भाचाच. जलाशयाने खटका ओढला.

हे नुसतं अनुमान नाही. 1985 पासून वारणेचा जलाशय भरू लागला आणि पुढे हादरे दक्षिणेकडे, तिकडेही पसरले. गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं गेलं. त्या भागात काळा पाषाण सुमारे सव्वा किलोमीटरवर संपतो आणि खाली थेट ग्रॅनाइटी खडक लागतो. भूकंप होतात ते या खालच्या खडकात. 1967 पर्यंत मात्र आपलं दख्खनचं पठार म्हणजे अढळ, अशीच समजूत होती. धरण बांधताना धरलेला जमिनीचा धक्का (त्वरण) गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम पाच टक्के होता. धरणातल्या यंत्राने त्या पहाटे 63 टक्के नोंदवला. भिंतीला वरच्या भागात तडे गेले, पण ती उभी राहिली. 1970 मध्ये देशाचा भूकंप-नकाशा बदलला आणि कोयना जास्त धोक्याच्या चौथ्या क्षेत्रात गेली.

वहीतला 7 खोडू नका. शेजारी वेगळ्या शाईने 6.3 लिहा आणि आजची तारीख घाला. आणि त्या पानावर कुठली भिंत कुठल्या दिशेला पडली, दिवे कधी गेले, असं काही असेल, तर फोटो काढून मला जरूर पाठवा. जुन्या भूकंपांचा हिशेब पुन्हा मांडायला असल्या नोंदी फार उपयोगी पडतात.