मॅट बदलण्याआधी पातं तपासा

ताई, तुमच्या कटिंग मॅटच्या (कापड कापताना खाली ठेवतो ती) चिरांत पांढरे तंतू भरलेत, गोल फिरत्या पात्याचा कटर मधेच दोन-चार धागे न कापता सोडतो, आणि तुम्ही नवी मॅट घ्यायला निघालात. जरा थांबा. एखादा टाकाऊ सुती तुकडा मॅटवर दोन-तीन निरनिराळ्या जागी कापून बघा. मॅटच्या ठरावीक जागीच धागे सुटले तर तिथे चीर खोल गेलीये. पण कुठेही कापलं तरी दर १४ सेंटीमीटरवर सुटत असतील तर पात्याला खाच पडलीये. ४५ मिमीच्या पात्याचा एक फेरा साधारण तेवढाच भरतो. माझ्याकडे दहातल्या आठ वेळा पातंच निघतं, आणि बोल लावते मी मॅटला! शिवाय पातं बोथट झालं की आपण जोर लावतो, चिरा खोल जातात त्या जोरानेच.

आता तंतूंचं. पातं मॅटमधलं काही खरवडून काढत नाही, नुसती फट पाडतं आणि ती फट आपोआप मिटते. तंतू आत राहिला तर ती मिटणार कशी? गोधडी टाचून झाल्यावर कडा सरळ करताना आतला कापूस सगळ्यात जास्त घुसतो. त्या दिवशी लगेच पांढऱ्या खोडरबराने गोल गोल घासायचं, की तो वळून वर येतो. (चुरा सुक्या कचऱ्यात बरं का, इंदूरकरांना सांगायला नको.)

दोन-तीन महिन्यांनी अंघोळ. चार लिटर गार पाण्यात पाव वाटी पांढरा व्हिनेगर आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. एवढी मोठी मॅट बादलीत मावत नाही, म्हणून न्हाणीघरात आडवी ठेवून वर याच पाण्यात भिजवलेला जुना टॉवेल पसरते. पंधरा मिनिटांनी नायलॉनच्या मऊ घासणीने हलका हात. तारेची घासणी नको. आमच्या बोअरच्या पाण्याने पांढरट डाग राहतात, म्हणून शेवटी नर्मदेच्या नळाचं पाणी. मग पुसून सावलीत आडवीच वाळू द्यायची.

गरम पाणी मात्र अजिबात नको. इस्त्री नको, चहाचा कपही नको. एकदा मे महिन्यात क्लासहून येताना शीतलामाता बाजारात कापड घ्यायला थांबले आणि मॅट गाडीच्या मागच्या सीटवर राहिली. तासा-दीड तासाने आले तर भाजलेल्या पापडासारख्या लाटा! आठवडाभर वर पाटा ठेवला, पण मधला फुगवटा काही बसला नाही. शेवटी चांगला कोपरा कापून मशीनजवळ ठेवला, सुटे तुकडे छाटायला अजून चालतो.

आणि रोज एकाच रेघेवर कापू नका. महिन्याला मॅट फिरवा, माप पट्टीवरच्या रेघांनी घ्या. धुऊन, पातं बदलूनही चीर नखाला अडकली आणि धागे तिथेच सुटले, तर मग खुशाल नवी घ्या.