कास्ट आयर्न बुलेट ३५० चं कॉम्प्रेशन ९ वर नेलं तर घाटात इंजिन तापेल का?

तुम्ही विचारलंय की जुन्या कास्ट आयर्न (ओतीव लोखंडी ब्लॉकच्या) बुलेट ३५० चं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) ७.२५ वरून ९ वर न्यायचं आहे, लेथवाला तयार आहे, पण मे महिन्यात डबलसीट घाट चढताना इंजिन जाम होईल का ही धास्ती आहे. धास्ती रास्त आहे. ९ चा नाद सोडा, ८ वर थांबा.

आधी हिशेब बघा. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९० मिमी, म्हणजे ३४६ सीसी. ७.२५ कॉम्प्रेशनला पिस्टन टीडीसीवर (सगळ्यात वरच्या टोकाला) असताना वर साधारण ५५.४ सीसी जागा उरते. ८ साठी ती ४९.५ हवी, ८.५ साठी ४६.२ आणि ९ साठी ४३.३. ७० मिमी बोअरमध्ये ब्लॉक (सिलिंडरचा भाग) १ मिमी खाली आणला की ३.८५ सीसी जागा कमी होते. म्हणजे ८ साठी दीड मिमी पुरतं, ९ साठी ३ मिमीच्या वर जावं लागतं. एवढं नुसतं मशिनिंगने काढण्याजोगं नाही, उंच डोक्याचा पिस्टन घालावा लागतो. मग अर्धगोल चेंबरमध्ये ते डोकं मधे येतं, आग एका बाजूच्या प्लगपासून दुसऱ्या टोकाला पोचायला वेळ लागतो आणि तिकडचं मिश्रण आपोआप पेटायची शक्यता वाढते. मिळतं काय? कागदावरच्या ऑटो सायकलनुसार (पेट्रोल इंजिनाच्या आदर्श गणितानुसार) ७.२५ वरून ९ वर गेल्यावर कार्यक्षमता फार तर ७ टक्के वाढते, ८ वर गेल्यावर साडेतीनच्या आसपास. शेवटच्या तीन-साडेतीन टक्क्यांसाठी इंजिन पणाला लावण्यात अर्थ नाही. कंपनीने याच ७०×९० मापाचं यूसीई ३५० (इंजिन-गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेलं नंतरचं इंजिन) काढलं तेव्हा ॲल्युमिनियमचा ब्लॉक आणि दोन प्लग दिले, तरी कॉम्प्रेशन ८.५ च ठेवलं.

आता उष्णतेबद्दल. कॉम्प्रेशन वाढलं म्हणजे सगळंच जास्त तापतं असं नाही. वायू जास्त प्रसरण पावतो, त्यामुळे एक्झॉस्ट उलट थोडा थंड होतो. तापतात ते पिस्टनचं डोकं आणि हेड. कास्ट आयर्न ॲल्युमिनियमच्या मानाने साधारण एक तृतीयांश वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणून बुलेटचा ब्लॉक ती फिन्सपर्यंत सावकाश पोचवतो. तरीही निव्वळ कॉम्प्रेशनची वाढ हे इंजिन सोसतं. घात करतं ते नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून बसणारे धक्के. धातूच्या पृष्ठभागाला चिकटून गॅसचा एक पातळ, तुलनेने थंड थर असतो, तोच पिस्टनचं रक्षण करतो. नॉकिंगच्या धक्क्याने तो थर उडतो आणि ज्वाळेची उष्णता थेट पिस्टनमध्ये उतरते. ॲल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी ब्लॉकच्या जवळजवळ दुप्पट फुगतो, क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) संपतो, आणि पिस्टन जाम होतो.

त्यामुळे कॉम्प्रेशन ठरवताना हायवेवरचा ८० चा वेग डोळ्यांसमोर ठेवू नका. सगळ्यात वाईट क्षण धरा: दुपारचं ऊन, मागे माणूस, तिसरा गिअर, कमी आरपीएम आणि पूर्ण उघडलेला थ्रॉटल. पोलादपूरहून आंबेनळी घाटाला लागता तेव्हा पायथ्याशीच परीक्षा असते. वर महाबळेश्वरला हवेचा दाब सुमारे १५ टक्के कमी असतो, तिथे तेच इंजिन शांत वाटेल. ३५०० मीटरवरच्या लेहमध्ये तर दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच उरतो. तिथे मस्त चाललेली सेटिंग कोकणात खडखडू शकते.

काम करताना ब्लॉकची खालची बाजू दीड मिमी घ्या. हेडला हात लावू नका, ब्लॉकच्या कडेचं आणि हेडच्या खाचेचं माप जुळलेलं असतं, ते बिघडलं की गॅस्केट गळतं. ब्लॉक खाली आला की त्याचा क्रँककेसमध्ये जाणारा भागही तेवढाच आत जातो. रॉड आणि फ्लायव्हील कुठे घासत नाहीत ना, हे क्रँक हाताने फिरवून बघा. पुशरॉडची लांबी खालच्या ॲडजस्टरवर भरून निघते. पिस्टनवर चार ठिकाणी सोल्डरची तार ग्रीसने चिकटवून हेड कसा आणि एक फेरी फिरवा. दबलेली तार कुठेही १.२ मिमीपेक्षा पातळ नको, कारण बिग एंडला (रॉडच्या क्रँककडच्या टोकाला) थोडा खेळ असतोच. व्हॉल्व्हसाठी प्लास्टिसिन (खेळायची मऊ माती) लावून बघा: इनटेकला दीड, एक्झॉस्टला दोन मिमी मोकळे हवेत.

मग खरं कॉम्प्रेशन मोजा. पिस्टन टीडीसीवर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, प्लगचं भोक सगळ्यात वर येईल अशी गाडी कलती. रॉकेलमध्ये पातळ केलेलं ऑइल ब्युरेटने (मापाच्या काचनळीने) प्लगच्या भोकातून काठापर्यंत भरा आणि आट्यांच्या भोकात मावणारे दोन-अडीच सीसी वजा करा. ४९ ते ५० आलं तर काम नीट झालं. पातळी खाली जात राहिली तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सोडतोय, ते आधी सोडवा.

टायमिंगकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. मिश्रण घट्ट दाबलं की लवकर जळतं, म्हणून स्पार्क क्रँकच्या मापाने दोनेक अंश मागे, म्हणजे उशिरा, घ्या. डिस्ट्रिब्युटर अर्ध्या गतीने फिरतो, तेव्हा तिथे एकच अंश. ऑटो ॲडव्हान्सच्या (वेग वाढेल तसा स्पार्क आपोआप आधी देणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंग ढिल्या असतील तर ॲडव्हान्स लवकर पुढे पळतो आणि नेमका घाटातल्या आरपीएमला नॉकिंग होतं. त्या आधी बदला. टायमिंग फार मागे नेणंही वाईट, मग एक्झॉस्ट पोर्ट आणि व्हॉल्व्ह भाजतात, सायलेन्सरचा बेंड निळा पडतो.

पेट्रोलचं गणितही बदललंय. २० टक्के इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, हे आपल्या फायद्याचं. पण शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, मिश्रण सात-आठ टक्के लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं आणि लीन मिश्रण पूर्ण थ्रॉटलला इंजिन तापवतं. मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मापाचं भोक) दोन पायऱ्या मोठा घालून सुरुवात करा. इनटेकच्या रबरातून हवा ओढली जात असेल तर कुठलाही जेट उपयोगी नाही. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा) घ्या. एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड, बॉशमध्ये उलट.

पहिल्या रिंगचा गॅप ०.३० ते ०.३५ मिमी ठेवा आणि पिस्टनचा क्लिअरन्स पिस्टनसोबत लिहून येतो तोच घ्या. लेथवाला 'टाइट बसवतो, आवाज येणार नाही' म्हणाला तरी ऐकू नका. ऑइल २०डब्ल्यू५०, शक्य तर हाय कॅपॅसिटी पंप, कारण अशा इंजिनात बरीच उष्णता ऑइलच वाहून नेतं. फिन्सवर पावडर कोटिंगचा जाड थर देऊ नका, पातळ मॅट काळा रंग चालतो.

रनिंग (नवे भाग बसेपर्यंत सावकाश चालवणं) संपल्यावर प्लगखाली रिंगसारखा तापमान सेन्सर लावून घाट चढा. आकडा २०० अंशांच्या आसपास स्थिरावला तर ठीक. २३० ओलांडून चढतच राहिला तर थ्रॉटल सोडा, खालचा गिअर टाका, आरपीएम वाढू द्या. मग चढावरच पूर्ण थ्रॉटलला किल स्विच आणि क्लच एकदम दाबून थांबा, प्लग काढा आणि भिंगाखाली त्याचं पोर्सेलीन (पांढरा चिनी मातीचा भाग) बघा. फिकट बदामी रंग हवा. त्यावर मिरपुडीसारखे काळे किंवा चमकदार ॲल्युमिनियमचे ठिपके दिसले, तर कानाला काही ऐकू आलं नसलं तरी नॉकिंग सुरू झालंय. टायमिंग आणखी एक अंश मागे घ्या, जेट तपासा. तरीही ठिपके येत असतील तर ब्लॉकखाली अर्ध्या मिमीची ॲल्युमिनियमची प्लेट घाला, कॉम्प्रेशन ७.७ च्या जवळ येईल.