'स्टार ट्रेक' या विज्ञानकथा मालिकेतल्या व्हल्कन या परग्रहावरच्या लोकांना भावनाच नसतात, मग त्यांच्यातल्या सारेकचं अमांडावर प्रेम होतं असं कसं म्हणायचं?

भावना नसतात हेच मुळात खरं नाही. 'स्टार ट्रेक'मधल्या व्हल्कन लोकांच्या भावना माणसांपेक्षा उग्र. त्यापायी आपसात लढून ते नामशेष व्हायच्या बेतात होते. सुराक या त्यांच्या तत्त्वज्ञाने तर्काची शिस्त लावली म्हणून तरले. संयम एवढा कडक आहे तो त्याचमुळे.

आता सारेक आणि त्याची पृथ्वीवरची बायको अमांडा. १९६७ च्या 'जर्नी टू बॅबल' या भागात सारेक दोन बोटं पुढे करतो, अमांडा आपली दोन बोटं त्यांना टेकवते. चारचौघांत एवढंच. पण व्हल्कन स्पर्शातून दुसऱ्याच्या मनात शिरू शकतात, हे लक्षात घेऊन तो प्रसंग परत बघा. आपल्याला किरकोळ वाटणारी ती बोटं त्यांच्या लेखी केवढी जवळीक आहे!

मी सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलो. मागावर बोललेलं ऐकूच येत नाही, सगळा कारभार हाताच्या खुणांवर. आमचे चुलते माग चालवायचे, चुलती कांड्या भरायची. धोट्यातलं सूत संपत आलं की चुलते न बघताच हात मागे करायचे आणि भरलेली कांडी त्या हातात आलेली असायची. त्यांना एकमेकांशी गोड बोलताना मी कधी ऐकलं नाही. पण चुलती माहेरी गेली की त्यांचं जेवणावरून मन उडायचं, हे घरात सगळ्यांना दिसायचं. त्यामुळे सारेक मला कधी परका वाटला नाही.

'जर्नी टू बॅबल'मध्येच सारेक-अमांडाचा मुलगा स्पॉक बापाला विचारतो, आईशी लग्न का केलंत? सारेक सांगतो की त्या वेळी तेच तर्काला धरून वाटलं. हे तो अमांडासमोर म्हणतो आणि तिला त्यातला जिव्हाळा बरोबर कळतो.

मात्र या शिस्तीची किंमत पोराने मोजली, असं माझं ठाम मत आहे. स्पॉकने व्हल्कनांची विज्ञान अकादमी सोडून स्टारफ्लीट हे अंतराळदल धरलं, तेव्हापासून अठरा वर्षं बापलेक बापलेकासारखे बोलले नाहीत. बायकोला न बोलता कळत होतं. पोराला ते शब्दांत सांगायला हवं होतं. पुढच्या 'नेक्स्ट जनरेशन' मालिकेतल्या १९९० च्या 'सारेक' भागात म्हातारपणीच्या आजाराने त्याचा भावनांवरचा ताबा सुटत जातो. त्या मालिकेतल्या अंतराळयानाचा कॅप्टन पिकार्ड आपलं मन त्याच्या मनाशी जोडून त्याला आधार देतो, आणि सारेकच्या मनात साठलेलं सगळं पिकार्डच्या तोंडून बाहेर पडतं. बायकोला, मुलाला किती माया द्यायची होती आणि दिली नाही, म्हणून पिकार्ड ढसाढसा रडतो. मला तुमच्या प्रश्नाचं याहून सरळ उत्तर माहीत नाही.

तो भाग बघितला नसेल तर आधी तो बघा, मग १९९१ चा दोन भागांतला 'युनिफिकेशन'. बापाने आपल्याशी कधी मन जोडलं नाही हे स्पॉक त्यात पिकार्डला सांगतो. क्रम उलटा केलात तर पिकार्ड पुढे त्याला काय देऊ करतो, ते पुरतं उमगायचं नाही.